खमंग की करपट: टोस्टेड पिंपातल्या सौम्य बर्बनची पारख

प्रश्न असा आहे: पंचेचाळीस टक्के अल्कोहोलच्या आसपासची, टोस्टेड पिंपात फिनिश केलेली (म्हणजे मुरून झाल्यावर भाजलेल्या लाकडाच्या दुसऱ्या पिंपात काही काळ ठेवलेली) एक सौम्य बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकी व्हिस्की, आणली. पहिला ग्लास फारच आवडला. चारपाच दिवसांनी तीच व्हिस्की नुसती गोडगोड वाटायला लागली. एक मित्र म्हणतो, यात साखर घातलेली असते. दुसरा म्हणतो, दुसरं पिंप म्हणजे कोवळ्या व्हिस्कीवर घातलेलं पांघरूण. मग ही बाटली खरंच चांगली आहे की फक्त गोड, हे ठरवायचं कसं?

यात तीन गोष्टींचा गुंता झाला आहे: सौम्यपणा, गोडवा आणि भाजल्याचा वास. तिघांचा उगम वेगळा असल्यामुळे तपासायची रीतही वेगळी आहे. सौम्यपणा येतो अल्कोहोलच्या टक्केवारीतून आणि धान्याच्या मिश्रणातून. गोडवा बहुतांशी नाकातून येतो. भाजल्याचा वास दुसऱ्या पिंपाचा. हे तिन्ही एका घोटात एकदम तोंडात आले की पहिल्या दिवशी माणूस खूश होतो आणि पाचव्या दिवशी त्याला कंटाळा येतो, कारण काय आवडलं होतं हे त्याने वेगळं करून पाहिलेलंच नसतं.

ही बाटली तुम्हाला आवडावी की नाही, हे मी सांगू शकत नाही. ते तुमच्या नाकावर, आधी काय खाल्लं त्यावर, ग्लासवर आणि बाटली किती दिवस उघडी आहे यावर ठरतं. पण नीट बनवलेली आहे की नाही, हे बऱ्याच खात्रीने सांगता येतं. या प्रकारात मी एकच गोष्ट शोधतो: दुसऱ्या पिंपाने दिलेला गोडवा मूळ व्हिस्कीत मुरला आहे, की साईसारखा वर तरंगतोय.

आधी साखरेचं बघू. अमेरिकी नियमांनुसार बर्बन म्हणजे अमेरिकेत बनवलेली, किमान 51 टक्के मका असलेल्या धान्यमिश्रणाची, आतून जाळलेल्या नव्या ओकच्या भांड्यात ठेवलेली व्हिस्की. डिस्टिल करताना (म्हणजे उकळून वाफ गोळा करताना) ती 80 टक्के अल्कोहोलच्या वर नेता येत नाही, पिंपात 62.5 टक्क्यांपेक्षा तीव्र भरता येत नाही आणि बाटलीत 40 टक्क्यांच्या खाली उतरवता येत नाही. तिच्यात रंग, चव किंवा साखर घालायला परवानगी नाही. फिनिश केलेली असेल तर लेबलवर तसं पूर्ण वाक्य असतं: ‘केंटकी स्ट्रेट बर्बन व्हिस्की, टोस्टेड पिंपात फिनिश केलेली’ अशा अर्थाचं. तेवढंच लिहिलेलं असेल तर साखरेची शंका सोडून द्या. ‘फ्लेवर्ड’ किंवा ‘नैसर्गिक स्वाद घातलेली’ असे शब्द दिसले तर मात्र तो वर्गच निराळा. तिथे साखर असू शकते आणि टक्केवारी 30 पर्यंत खाली येऊ शकते. त्यामुळे लेबल वाचायचं ते पुढच्या मोठ्या अक्षरांपुरतं नाही, प्रकार सांगणारी छोटी ओळ वाचायची.

दुसऱ्या मित्राच्या आक्षेपाचंही अर्धं उत्तर लेबलवर मिळतं. ‘स्ट्रेट’ म्हणजे किमान दोन वर्षं पिंपात. आणि चार वर्षांपेक्षा कमी वयाची असेल तर वय छापणं सक्तीचं. म्हणजे ‘स्ट्रेट’ लिहिलंय आणि वय कुठेच नाही, तर ती किमान चार वर्षांची आहे असं धरायला हरकत नाही. चार वर्षं म्हणजे म्हातारी नव्हे, पण कोवळी म्हणून हिणवावी इतकी लहानही नाही.

मग गोडवा येतो कुठून? ओकचं लाकूड तापलं की त्यातलं लिग्निन (लाकडाला कणखरपणा देणारा घटक) तुटतं आणि व्हॅनिलिन सुटतं, म्हणजेच व्हॅनिलाचा ओळखीचा वास. हेमिसेल्युलोज हा लाकडातला दुसरा घटक तुटून लाकडातल्या साखरा तयार होतात, त्या जळून कॅरॅमलसारखे, भाजक्या बदामासारखे वास देतात. अमेरिकी पांढऱ्या ओकमध्ये लॅक्टोन भरपूर असतात, ते नारळाची आठवण करून देतात. हे सगळे वास आपला मेंदू गोड पदार्थांशी जोडून बसलेला आहे, म्हणून जिभेवर साखर जवळपास नसतानाही आपण ‘गोड’ म्हणतो. खात्री करायची तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. गोडवा एकदम ओसरेल. उरेल ती अल्कोहोलची हलकी गोडी, थोडा कडवटपणा, लाकडाचा तुरटपणा आणि गरमपणा. नाक सोडलं की कॅरॅमल, व्हॅनिला परत हजर. एकदा हे स्वतः केलं की साखरेवरचा वाद संपतो.

आता टोस्ट. इथे मराठी कामाला येते, कारण भाजण्याच्या पायऱ्यांसाठी आपल्याकडे नेमके शब्द आहेत. पिंप जाळणं आणि पिंप भाजणं या दोन वेगळ्या क्रिया. जाळताना आतल्या बाजूला सरळ ज्वाळा लावतात आणि काम एका मिनिटाच्या आत संपतं. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात प्रचलित मोजमापानुसार पहिल्या श्रेणीला सुमारे 15 सेकंद, चौथ्या श्रेणीला सुमारे 55. चौथ्या श्रेणीत कोळशाचा थर मगरीच्या पाठीसारखा भेगाळतो. हा कोळसा गाळणीचं काम करतो, गंधकाचे उग्र वास ओढून घेतो. भाजताना मात्र आच मंद आणि वेळ लांब. लाकूड पेटत नाही, साधारण 120 ते 230 अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात हळूहळू तापतं आणि उष्णता फळीत काही मिलिमीटर आत उतरते. कमी भाजलं तर लाकूड खमंग होतं: बिस्किट, व्हॅनिला, बदाम. मध्यम भाजलं तर खरपूस: गडद कॅरॅमल, कोको, भाजलेला मार्शमॅलो. त्याच्या पुढे गेलं की ग्वायकोलसारखे धुरकट घटक वाढतात, व्हॅनिलिन आणि लॅक्टोन घटायला लागतात, आणि चव करपट होते. चाखताना वहीत ‘छान’, ‘मस्त’ लिहिण्यापेक्षा या तीन शब्दांपैकी एक लिहा. निम्मं काम तिथेच होतं.

‘टोस्टेड’ हा शब्द मात्र सगळीकडे एकाच अर्थाने वापरला जात नाही, आणि ही गोष्ट दुर्लक्षित राहते. मिक्टर्स या ब्रँडच्या टोस्टेड बॅरल फिनिश बर्बनमध्ये (पहिली आवृत्ती 2014) दुसरं पिंप भाजलेलं असतं पण जाळलेलं नसतं. वुडफर्ड रिझर्व्हच्या डबल ओक्डमध्ये (2012) दुसरं पिंप खूप भाजून मग हलकंसं जाळतात. एलायजा क्रेग टोस्टेड बॅरल (2020) मध्येही भाजल्यानंतर क्षणभर ज्वाळा दाखवतात. ओल्ड फॉरेस्टर 1910 लोक या रांगेत बसवतात खरं, पण तिथे दुसरं पिंप चांगलंच जाळलेलं असतं. म्हणून तिच्याकडून मार्शमॅलोची अपेक्षा ठेवून निराश व्हायचं कारण नाही. जाळलेल्या पिंपातला कोळसा काही वास ओढून घेतो. न जाळलेल्या पिंपात तो थर नसल्याने लाकूड व्हिस्कीला थेट भेटतं: फायदे जास्त, धोकेही जास्त.

धोका कसला ते सांगतो. नव्या लाकडातून अर्क उतरायला वेळ लागत नाही. दुसऱ्या पिंपात पहिल्या काही आठवड्यांतच रंग, व्हॅनिला आणि टॅनिन (लाकडातला तुरट घटक) भराभर येतात. पण हवेशी मंद गतीने होणारी प्रक्रिया, आम्लं आणि अल्कोहोल मिळून तयार होणारे फळांसारखे वास, कडांचं गुळगुळीत होणं, ही सगळी सावकाशीची कामं आहेत. फिनिशचा काळ काही आठवड्यांपासून वर्षभरापर्यंत कुठेही असतो. घाईत काढली तर लाकूड उतरलेलं असतं पण मुरलेलं नसतं. जास्त ठेवली तर टॅनिनने जीभ सुकते. यात मूळ व्हिस्कीच्या ताकदीचाही हात असतो. दुसऱ्या पिंपात ती कमी तीव्रतेची भरली तर पाण्यात विरघळणाऱ्या साखरा आणि टॅनिन जास्त उतरतात, जास्त तीव्रतेची भरली तर लॅक्टोनसारखे तेलकट घटक. सौम्य गोड बाटल्यांत मधूनच तुरटपणा का डोकावतो, याचं एक कारण हे.

सौम्य आणि पाणचट यांतला फरक हा या प्रकारातला दुसरा मोठा प्रश्न. बेसिल हेडन टोस्ट 40 टक्क्यांची आहे, म्हणजे कायद्याच्या तळालाच टेकलेली. डबल ओक्ड 45.2, मिक्टर्स 45.7, एलायजा क्रेग टोस्टेड 47. (बाटलीवरचा ‘प्रूफ’ आकडा निम्मा केला की टक्के मिळतात.) 40 टक्क्यांवर व्हिस्की सौम्य असणारच, त्यात कौतुक नाही. कौतुक तेव्हा, जेव्हा ती जिभेच्या मधोमध गायब होत नाही. धान्यही बघा. राय या गव्हासारख्या धान्याचं प्रमाण जास्त असेल तर मिरीसारखी चुणचुण येते. रायऐवजी गहू असेल तर चव मऊ, पावासारखी. मका फार असेल तर गोडसर पण कधीकधी एकसुरी. शिवाय गाळण्याआधी व्हिस्की थंड केली असेल तर एस्टर नावाचे काही तेलकट घटक निघून जातात. 46 टक्क्यांच्या खाली ते थंडीत किंवा पाणी घातल्यावर गढूळपणा आणतात, म्हणून कमी तीव्रतेच्या बाटल्यांत ही गाळणी सर्रास असते. त्याने तोंडातला भरीवपणा थोडा जातो. तेव्हा पातळपणाचा सगळा दोष फिनिशवर टाकू नका.

आता प्रत्यक्ष चाखणं. ग्लेनकेर्नसारखा, खाली फुगीर आणि वर निमुळता ग्लास घ्या. नसेल तर लहान वाइन ग्लास चालतो. पसरट, जाड बुडाचा ग्लास चाखायला निरुपयोगी, वास भिंतीवरून पसरून निघून जातो. प्रत्येक ग्लासात 15 मिली पुरे. व्हिस्की खोलीच्या तपमानाला, 18 ते 22 अंश. बर्फ नको: थंडीने आधी व्हॅनिला दबतो आणि मागे टॅनिन उघडा पडतो, मग चांगली बाटलीही कडवट वाटते. पाणी साधं, क्लोरीनचा वास नसलेलं. कॉफी, तिखट, अत्तर आणि वासाचा साबण तासभर आधीपासून दूर. एका बैठकीत तीन ग्लास खूप झाले, चौथ्यापासून नाक खोटं बोलतं. जवळ थुंकायला भांडं ठेवा. व्यावसायिक परीक्षक थुंकतात, त्यात लाजायचं काही नाही. आणि नंतर गाडी चालवायची नाही, थुंकलं असलं तरी.

ओतल्यावर दहा मिनिटं थांबा. या प्रकारात हे थांबणं महत्त्वाचं आहे, कारण ओतल्या ओतल्या वर येतो तो अल्कोहोल आणि व्हॅनिला. मूळ व्हिस्की नंतर येते. ग्लास हनुवटीच्या उंचीवर धरून सुरुवात करा, मग ओठांजवळ, शेवटी काठाशी. तोंड किंचित उघडं ठेवा, म्हणजे अल्कोहोल नाकात टोचत नाही. जोरात ओढू नका, दोन छोटे श्वास पुरेत. पहिला वास गोडच असणार, तो लिहून बाजूला ठेवा आणि स्वतःला विचारा: याच्या खाली काय आहे? फळ आहे का (चेरी, सफरचंद, संत्र्याची साल)? धान्य आहे का (मक्याचं पीठ, पाव)? मसाला आहे का (लवंग, दालचिनी)? पाच मिनिटं हुंगूनही व्हॅनिला-मार्शमॅलोपलीकडे काहीच सापडत नसेल, तर एक तर मूळ व्हिस्की अशक्त आहे किंवा फिनिशने तिचा गळा धरला आहे. दोन्हींतलं काय, ते तोंडात कळतं.

पहिला घोट फक्त जिभेला सवय लावायला, त्यावर मत बनवायचं नाही. दुसरा घोट छोटा, साधारण अर्धा चमचा, आणि तोंडात दहा-बारा सेकंद फिरवायचा. लक्ष तीन जागी ठेवा. टोकाला आल्या आल्या काय लागतं, मध्यभागी पाचसहा सेकंदांनी काय होतं, आणि गिळल्यावर किंवा थुंकल्यावर मागे काय उरतं. (या शेवटच्या भागालाही इंग्रजीत फिनिशच म्हणतात, त्यामुळे घोळ होतो. मी इथे त्याला उत्तरचव म्हणतो आणि फिनिश हा शब्द दुसऱ्या पिंपासाठी राखून ठेवतो.)

मधला भाग हाच या प्रकारातला खरा परीक्षक. टोस्टेड व्हिस्कीची सुरुवात जवळपास नेहमी चांगली असते, ती व्हॅनिलाची कृपा. उत्तरचवेत लाकूड बोलतं, त्यामुळे तीही बऱ्यापैकी लांब असते. पण मध्यभागी पिंपाचं फारसं चालत नाही. तिथे मूळ व्हिस्कीच लागते: तिचं धान्य, तिचं फळ, तिचा तेलकटपणा. तिथे खड्डा पडला, म्हणजे गोड सुरुवात, मग दोनतीन सेकंद काहीच नाही, मग एकदम तुरट लाकूड, तर समजायचं की दोन वस्तू एकमेकींना न भेटता शेजारी उभ्या आहेत. मुरलेल्या व्हिस्कीत कॅरॅमल फळात उतरतं, फळ मसाल्यात, आणि कुठून कुठे गेलो ते कळत नाही. तुमच्या मित्राच्या ‘पांघरूण’ या शब्दाची तपासणीही इथेच होते. कच्चा मका, ओली कणीक, नेलपॉलिशसारखा टोचरा वास असं काही मध्यभागी किंवा हुंगताना व्हॅनिलाच्या मागून येत असेल, तर तो म्हणतो त्यात तथ्य आहे. तसं काही नसेल तर नाही.

उत्तरचवेची लांबी घड्याळ लावून मोजा. दहा सेकंदांच्या आत संपली तर छोटी, तीसच्या पुढे गेली तर लांब. पण या बाटल्यांत लांबीपेक्षा दिशा पाहावी. गोडवा आधी जाऊन खमंगपणा मागे राहिला तर छान. गोडवा जाऊन नुसता तुरटपणा राहिला, गालांच्या आतल्या बाजूला कोरडेपणा आला, पेन्सिल तासल्यासारखा किंवा भुशासारखा वास आला, तर लाकूड जास्त झालं. विझलेल्या शेकोटीची राख आली तर पिंप करपलं. शेवटपर्यंत फक्त गोडवाच राहिला आणि तोंड चिकटल्यासारखं वाटलं, तर ती दोषपूर्ण म्हणता येणार नाही, पण गुळमट आहे. दुसरा ग्लास नको वाटतो तो बहुतेक याच कारणाने.

मग पाणी. ड्रॉपरने मोजून घाला, नळाखाली ग्लास धरू नका. साधारण 20 थेंब म्हणजे एक मिली. 15 मिली 45.2 टक्क्यांच्या व्हिस्कीत 2 मिली पाणी घातलं की ती 40 टक्क्यांच्या जवळ येते. 47 टक्क्यांची असेल तर सुमारे 2.6 मिली लागतं. मुळातच 40 टक्क्यांची असेल तर पाचसहा थेंबांपलीकडे जाऊ नका. स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी 2017 मध्ये संगणकावर केलेल्या अभ्यासात दिसलं की ग्वायकोल 45 टक्क्यांपर्यंतच्या द्रावणात वरच्या पृष्ठभागाकडे राहतो, 59 टक्क्यांच्या पुढे आत बुडतो. ग्वायकोल म्हणजे नेमका भाजल्या-धुरकटल्याचा वास, म्हणून टोस्टेड बाटलीवर पाणी घालून बघणं विशेष उपयोगी. पण बघायचं काय? पाण्याने नवीन काही उघडलं, फळ पुढे आलं, मसाला सुटा झाला, तर खाली माल आहे. पाणी पडताच गोडवा तुटून फक्त ओलं लाकूड उरलं, तर नव्हता.

एकट्या बाटलीवरून पारख करणं अवघडच. शेजारी तुलनेला काही हवं, आणि त्यासाठी सगळ्यात उत्तम म्हणजे तिचीच मूळ बहीण. इथे नशीब चांगलं आहे, कारण काही जोड्या एकाच टक्केवारीला मिळतात. एलायजा क्रेग स्मॉल बॅच आणि टोस्टेड बॅरल दोन्ही 47. वुडफर्ड रिझर्व्ह आणि डबल ओक्ड दोन्ही 45.2. मिक्टर्स यूएस वन बर्बन आणि तिचं टोस्टेड रूप दोन्ही 45.7. टक्केवारी सारखी असल्याने जो फरक लागतो त्याचं श्रेय किंवा दोष बहुतेक दुसऱ्या पिंपाला देता येतो. बेसिल हेडनची जोडी मात्र याला चालत नाही: दोन्ही 40 टक्के असल्या तरी टोस्टमध्ये रायच्या जागी ब्राउन राइस आहे, म्हणजे धान्यच बदललं. तिथे मऊपणा लागला तर तो पिंपाचा की तांदळाचा, सांगता येत नाही.

क्रम पाळा. आधी मूळ, मग टोस्टेड. उलट केलंत तर गोड वासाने नाक भरून जातं आणि मूळ व्हिस्की उगाच कडू, रूक्ष वाटते. दुसऱ्या दिवशी मुद्दाम उलटा क्रम करून बघा, म्हणजे क्रमाचा परिणाम किती होता तेही कळेल. तुलना करताना प्रश्न एकच: मूळ व्हिस्कीत जे चांगलं होतं, त्यातलं टोस्टेडमध्ये काय उरलंय? चेरी होती ती आहे का? मसाला होता तो आहे का? आधीचं टिकवून वर काही मिळालं तर फिनिश यशस्वी. आधीचं पुसून टाकून त्या जागी व्हॅनिला आला तर ती अदलाबदल झाली, आणि पैसे सहसा जास्त पडलेले असतात.

स्वतःच्या नाकावर फार विश्वास असेल तर तीन ग्लासांची परीक्षा घ्या. दुसऱ्या कुणाला तरी सांगा, दोन ग्लासांत एक व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी, आणि तुम्हाला न दाखवता मांडा. रंगावरून ओळखता येऊ नये म्हणून दिवा मंद किंवा ग्लास गडद, कारण दुसऱ्या पिंपाने रंग हमखास गडद होतो. वेगळा ग्लास ओळखायचा. निव्वळ अंदाजाने तीनपैकी एकदा बरोबर येणारच. सहा वेळा करून चारदा बरोबर आलं तरी तसं योगायोगाने होण्याची शक्यता सुमारे 10 टक्के उरते. सहापैकी पाचदा आलं तर ती 2 टक्क्यांच्या खाली जाते. ही सहा वेळची परीक्षा सहा दिवसांत विभागून करा, एका संध्याकाळी नको. फरकच ओळखता येत नसेल तर गुणवत्तेवर वाद घालण्यात अर्थ नाही. स्वस्त असेल ती घ्यावी.

थोडक्यात कामाची रांग: लेबल वाचा, नाक धरून घोट घ्या, दहा मिनिटं थांबा, गोडव्याच्या खाली शोधा, मध्यभाग तपासा, उत्तरचवेची दिशा बघा, पाणी घाला, मूळ बाटलीशी ताडून पाहा. गुण द्यायचेच असतील तर मी वीसपैकी देतो: वासाला 5, तोंडातल्या चवीला 5, उत्तरचवेला 4, आणि मुरण्याला 6. मुरण्याला सगळ्यात जास्त, कारण वास आणि चव पिंप विकत आणून मिळवता येतात. आवडीचा आकडा मी या बेरजेत धरत नाही, शेजारी वेगळा लिहितो. 13 गुणांची बाटली मनापासून आवडू शकते आणि 17 गुणांची कपाटात पडून राहू शकते, दोन्हींत काही चूक नाही.

आता राहिलं ते पहिल्या आणि पाचव्या दिवसातलं अंतर. याची दोन कारणं संभवतात. एक, नाक लवकर सरावतं. व्हॅनिला रोज समोर आला की त्याची नवलाई जाते, आणि त्याच्या आड काही नसेल तर तेच उघडं पडतं. दुसरं, बाटली उघडल्यावर आत हवा शिरते. नुकत्या उघडलेल्या बाटलीत अल्कोहोलचा टोचरेपणा असतो, तो काही दिवसांत बसतो आणि गोडवा जास्त जाणवायला लागतो. अर्ध्याच्या खाली गेल्यावर वरचे नाजूक फळांचे वास आधी उडतात आणि लाकूड मागे राहतं. कमी टक्केवारीच्या बाटलीत हे लवकर जाणवतं. यावर उपाय साधा आहे. बाटली उभीच ठेवा (तीव्र अल्कोहोल बुचाला खातो), उजेडापासून लांब ठेवा, आणि एक तृतीयांश उरली की काठोकाठ भरेल अशा छोट्या स्वच्छ काचेच्या बाटलीत ओता. आणि पाचव्या दिवशीचं मत पक्कं करण्याआधी मध्ये आठवडाभर ती चाखूच नका. त्या खंडानंतरही ‘नुसती गोड’च वाटली तर तुमचं पाचव्या दिवशीचं नाक खरं होतं.

एक शेवटची तपासणी फुकटची आहे. चाखून झाल्यावर ग्लास धुऊ नका, तसाच ठेवून सकाळी हुंगा. अल्कोहोल उडालेलं असतं, जड घटक काचेला चिकटून राहिलेले असतात. खमंग लाकूड, कोको, मधासारखा वास आला तर पिंप नीट भाजलेलं होतं. राख किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर रात्री व्हॅनिलाने जे झाकलं होतं ते समोर आलं. दोन ग्लास शेजारी ठेवले असतील, मूळ आणि टोस्टेड, तर कोणता कुठला हे सकाळी खालची चिठ्ठी न बघता ओळखून पाहा.